मॅटशिवाय फोटो प्रिंट फ्रेम करताना

काही वर्षांपूर्वी घरातली एक जुनी फ्रेम उघडली. आत कृष्णधवल फोटो, वर काच, मागे पुठ्ठा. काच आणि फोटो यांच्यामध्ये काहीच नाही. काच उचलली आणि फोटोतल्या चेहऱ्याचा एक तुकडा काचेसोबतच वर आला. त्या माणसाचा तो एकच फोटो होता. काचेला चिकटलेला फोटो कधीही ओढायचा नसतो. काचेसकट तसाच ठेवून आधी स्कॅन करायचा आणि मग जतनाचं काम जाणणाऱ्या माणसाकडे न्यायचा, हे मला त्यानंतर कळलं. मॅटशिवाय फ्रेम करायची म्हणणाऱ्या प्रत्येकाला म्हणूनच मी आधी हा प्रसंग सांगते.

पारंपरिक फोटो कागदावर प्रतिमा जिलेटिनच्या थरात असते. हवेतली आर्द्रता वाढली की जिलेटिन ती शोषून मऊ होतं. बाहेरची भिंत थंड असेल तर काचेच्या आतल्या बाजूला दवही धरतं. असा मऊ झालेला थर गुळगुळीत काचेला टेकून राहिला की दोन्ही एकजीव होतात. इंकजेट प्रिंटमध्ये थर वेगळा असतो, पण काचेचा स्पर्श त्यालाही मानवत नाही: चकाकत्या कागदावर टेकलेल्या जागी ओलसर दिसणारे डाग पडतात, कधी इंद्रधनुषी कडी उमटतात.

मॅट, म्हणजे फोटोभोवतीची ती खिडकी कापलेली पुठ्ठ्याची चौकट. फ्रेम करणारे बहुतेक जण तिला माउंट म्हणतात. आपण तिच्याकडे शोभा म्हणून पाहतो, पण तिचं मोठं काम आहे प्रिंट आणि काच यांच्यात हवेची जागा राखणं. दुसरं काम, प्रिंटला मागच्या बोर्डावर धरून ठेवणारे कागदाचे सांधे लपवणं. मॅट नको असेल तर ही दोन्ही कामं दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्यावी लागतात. या लेखातली जवळजवळ प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

आधी ठरवा, प्रिंटची कड दिसू द्यायची की नाही

मॅट वगळण्याची कारणं चांगली असतात. मोठ्या प्रिंटभोवती रुंद मॅट आली की फ्रेम भिंतीपेक्षा मोठी वाटायला लागते. सुती कागदाचा पोत हा स्वतःच बघण्यासारखा असतो आणि मॅट त्याचा बराचसा भाग झाकून टाकते. काही छायाचित्रकार सही आणि आवृत्तीचा क्रमांक खालच्या किनारीवर पेन्सिलीने लिहितात, तोही दिसायला हवा असतो.

पहिला मार्ग, नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हाच सुचवते: कागदाच्या मध्यावर प्रतिमा छापायची, भोवती कागदाचीच रुंद पांढरी किनार सोडायची आणि प्रिंटची कड फ्रेमखाली जाऊ द्यायची. लांबून बघणाऱ्याला मॅट आहे असंच वाटतं, जवळ आल्यावर कागद अखंड दिसतो. दुसरा मार्ग म्हणजे फ्लोट: प्रिंट बोर्डावर तरंगल्यासारखा, चारही कडा मोकळ्या. तिसऱ्यात किनार नसतेच, प्रतिमा थेट फ्रेमच्या कडेपर्यंत जाते. यात फ्रेमची कड प्रत्येक बाजूने ५-६ मिमी प्रतिमा खाते हे छापण्याआधीच लक्षात घ्या. क्षितिजावरचं होडकं किंवा कोपऱ्यातला हात असा गेलेला मी पाहिला आहे.

मोजमाप

इथे घाई केली की पुढे सगळंच अडतं. उदाहरणच घेऊ. ए२ कागद ४२ × ५९.४ सेंमी असतो. त्यावर ३० × ४५ सेंमीची उभी प्रतिमा छापायची आहे. रुंदीत १२ सेंमी उरतात, म्हणजे दोन्ही बाजूंना ६-६. उंचीत १४.४ सेंमी उरतात. ते वर ६.६ आणि खाली ७.८ असे वाटा. खालची किनार थोडी जास्त ठेवली नाही तर प्रतिमा भिंतीवर खाली घसरल्यासारखी वाटते. फ्रेमची कड प्रत्येक बाजूने ६ मिमी झाकेल, म्हणून डोळ्यांना दिसणारी किनार बाजूंना ५.४, वर ६ आणि खाली ७.२ सेंमी. हे आकडे छापण्याआधी कागदावर मांडा. सही करायची असेल तर ती या झाकल्या जाणाऱ्या पट्ट्यापासून बरीच आत यायला हवी.

फ्रेमच्या पट्टीला मागून खाच असते, त्यात काच बसते. खाचेचं माप प्रिंटपेक्षा सगळं मिळून ३ मिमी मोठं घ्या, म्हणजे ४२.३ × ५९.७. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो. त्याला हलायला जागा नसेल तर तो मधोमध लाटेसारखा उचलला जातो.

आता खाचेची खोली. मॅटशिवायच्या फ्रेममध्ये सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. बेरीज करा: काच २ मिमी, स्पेसर ६, प्रिंट अर्धा, त्यामागे फोम बोर्ड ५, सगळ्यात मागे ३ मिमीची पाठ. झाले १६.५. वर मागून चुका, म्हणजे बारीक खिळे, मारायला ३-४ मिमी हवेत. म्हणजे खाच किमान २० मिमी खोल पाहिजे. तयार मिळणाऱ्या पुष्कळ फ्रेम याच्या निम्म्याच खोल असतात, म्हणून पट्टी निवडताना पुढून ती कशी दिसते हे बघण्याआधी उलटी करून खाच मोजा.

स्पेसर

स्पेसर म्हणजे काच आणि प्रिंट यांच्यात चारही कडांना बसणारी अरुंद पट्टी. प्लॅस्टिकचे तयार स्पेसर साधारण ३, ६ आणि १२ मिमी जाडीत मिळतात. एका बाजूला चिकट पट्टी असते, ती काचेला लावायची. प्रिंटला कधीच नाही. ए३पर्यंत ३ मिमी चालून जातं. त्याहून मोठा कागद हवामानाबरोबर जास्त उचलला जातो, म्हणून ए२ला ६ घ्या आणि मीटरभर लांबीच्या प्रिंटला १२.

तयार मिळाले नाहीत तर घरी करता येतात. आम्लमुक्त ४-प्लाय मॅटबोर्डची जाडी साधारण दीड मिलिमीटर असते. त्याच्या ५ मिमी रुंद पट्ट्या कापून चार एकावर एक चिकटवल्या की ६ मिमीचा स्पेसर तयार होतो. रुंदी फ्रेमच्या कडेपेक्षा कमीच ठेवा, नाहीतर समोरून डोकावेल. तिरक्या नजरेला तो थोडा दिसतोच, तेव्हा रंग फ्रेमच्या आतल्या बाजूशी किंवा कागदाच्या पांढऱ्याशी जुळवून घ्या. काळ्या फ्रेममध्ये पांढरा स्पेसर मला खटकतो.

आणखी एक गोष्ट: हवा वाढवली की सावलीही वाढते. वरून दिवा असेल तर १२ मिमी स्पेसरमुळे फ्रेमच्या वरच्या कडेची सावली प्रिंटच्या किनारीवर पडते. काहींना ती आवडते, खोली जाणवते. तुम्हाला आवडते का ते आधी नुसती फ्रेम भिंतीला धरून बघा.

काच की ॲक्रिलिक

ए२च्या आसपास काच ठीक आहे. २ मिमी जाडीची त्या मापाची काच साधारण सव्वा किलो भरते. १०० × १५० सेंमीच्या प्रिंटला मात्र ३ मिमी काच अकरा किलोंच्या वर जाते, त्याच जाडीचं ॲक्रिलिक साडेपाच किलोंच्या आत. शिवाय काच फुटली तर तिचे तुकडे प्रिंटवर ओरखडे काढतात, आणि इथे तर मध्ये मॅटही नाही. मोठ्या प्रिंटला ॲक्रिलिकच घ्या. ते उष्णतेने आणि ओलाव्याने प्रसरण पावतं, म्हणून खाचेत प्रत्येक बाजूला २ मिमी मोकळे ठेवा. पुसायला अमोनिया असलेले काच-क्लीनर वापरू नका, ॲक्रिलिक धुरकट होतं.

साधी काच तिच्या दोन पृष्ठभागांवर मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परत फेकते. गडद फोटोसमोर उभं राहिलं की स्वतःचाच चेहरा दिसतो तो यामुळे. हे टाळायला लोक खरखरीत पृष्ठभागाची, चकाकी मारणारी स्वस्त काच घेतात. मॅटशिवायच्या फ्रेमसाठी ती सर्वात वाईट निवड आहे. ती प्रिंटला टेकलेली असेल तरच प्रतिमा बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. ६ मिमी अंतर पडलं की सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं होतं. आपल्याला तर अंतर हवंच आहे. चकाकी खरंच नको असेल तर प्रकाशीय लेप दिलेली काच घ्या, तिचं परावर्तन एक टक्क्याच्या आसपास येतं आणि अंतराने ती धूसर होत नाही. अतिनील किरण अडवणारी काच मिळत असेल तर तीच घ्या, पण तिच्या भरवशावर प्रिंट उन्हात लावू नका. दृश्य प्रकाशानेही रंग उडतात, फक्त सावकाश.

प्रिंट धरून कसा ठेवायचा

या टप्प्याला वेळ द्या. प्रिंट मागच्या बोर्डावर पक्का बसला पाहिजे, सरकता कामा नये आणि तरीही त्याला श्वास घेता आला पाहिजे. चारही बाजूंनी टेप मारणं हा सगळ्यांना सुचणारा उपाय आणि सगळ्यात घातक. एक पावसाळा गेला की प्रिंट मधोमध फुगलेला दिसतो. बाजारातली पारदर्शक टेप तर कागदाला लावूच नका; तिचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो.

प्रिंटची कड फ्रेमखाली जात असेल तर माझी पसंती कागदी खिशांना आहे. आम्लमुक्त जाड कागदाच्या पट्टीला लांबीच्या दिशेने घडी घाला. घडीची मागची बाजू बोर्डाला दुतर्फा आम्लमुक्त टेपने लावायची आणि पुढची, ४ मिमी रुंदीची बाजू प्रिंटच्या कडेवर येऊ द्यायची. प्रिंट या घडीत सरकवायचा. खालच्या खिशावर त्याचं वजन येतं. वर आणि बाजूंना १-२ मिमी ढील ठेवायची. प्रिंटला डिंकाचा थेंबही लागत नाही, उद्या फ्रेम बदलायची झाली तर तो तसाच बाहेर निघतो आणि हे सगळं फ्रेमच्या ६ मिमी कडेखाली झाकून जातं. प्लॅस्टिकचा लेप असलेल्या आरसी कागदाला तर हाच मार्ग योग्य, कारण त्या लेपावर पाण्यात केलेली खळ धरत नाही.

सुती किंवा फायबर (प्लॅस्टिकचा लेप नसलेल्या) कागदाला जपानी कोझो कागदाचे सांधेही लावता येतात. गव्हाच्या स्टार्चची घट्ट खळ शिजवा, गार करून गाळून घ्या. कोझोची पट्टी कात्रीने न कापता पाण्याची रेघ ओढून हाताने फाडा. तिच्या कडेचे तंतू मोकळे राहतात आणि समोरून पट्टीचा उठाव दिसत नाही. खळ अगदी पातळ थरात, जवळजवळ कोरड्या कुंचल्याने लावा. ओल जास्त झाली तर त्या जागी कागद सुरकुततो आणि ते समोरून दिसतं. लावल्यावर टीपकागद आणि वर वजन, रात्रभर.

सांधे फक्त वरच्या कडेला, ए२ला दोन पुरेत. मॅटच्या फ्रेममध्ये इंग्रजी टी अक्षरासारखा सांधा करतात, पण त्याला प्रिंटच्या वर बोर्डाची मोकळी जागा लागते आणि आपल्याकडे ती नसते. म्हणून सांधा प्रिंटच्या पाठीमागे दुमडावा लागतो. प्रिंट जड असेल तर बोर्डाला आडवी चीर पाडून सांधा त्यातून पलीकडे काढा आणि बोर्डाच्या मागच्या बाजूला चिकटवा. तो सहसा सुटत नाही.

बोर्ड कोणता? प्रिंटला टेकणारा बोर्ड आम्लमुक्तच हवा. छायाचित्रांसाठी आयएसओ १८९१६ ही वेगळी चाचणी आहे. एखाद्या कागदामुळे किंवा चिकट पदार्थामुळे फोटो फिका पडतो का, डाग पडतात का, हे तिच्यात तपासतात. ती चाचणी उत्तीर्ण झाल्याचा उल्लेख असलेला माल निवडा. प्लायवुड किंवा एमडीएफ थेट प्रिंटमागे नको, लाकडातून आम्लयुक्त वाफा येत राहतात.

जुळणी

इंकजेट प्रिंट छापल्याबरोबर काचेमागे घालू नका. शाईतले द्रावक हळूहळू बाहेर पडतात आणि काचेच्या आतल्या बाजूला दुधाळ थर धरतात. किमान २४ तास, जमलं तर त्याहून जास्त, वर साधा कोरा कागद ठेवून प्रिंट मुरू द्या. आरसी कागदाला हे जास्त लागू आहे.

ज्या दिवशी हवा कोरडी असेल तो दिवस निवडा; दमट दिवशी बंद केलेली फ्रेम तो दमटपणा आतच ठेवते. पंखा बंद करा, टेबलावर स्वच्छ चादर अंथरा, सुती हातमोजे घाला. काच दोन्ही बाजूंनी पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मग स्पेसर लावा: आधी लांब बाजूंचे, मग त्यांच्या मधोमध घट्ट बसतील असे आखूड. कोपऱ्यात फट राहिली तर तिथे नजर पुन्हा पुन्हा जाते. ॲक्रिलिक असेल तर आतल्या बाजूची संरक्षक फिल्म अगदी शेवटच्या क्षणी काढा, कारण ती सोलताना स्थिर वीज तयार होते आणि खोलीतली सगळी धूळ तिकडे धावते.

फ्रेम पालथी ठेवा, स्पेसर वर येतील अशी काच आत बसवा. प्रिंटवर रबरी ब्लोअरने हवा मारा, तोंडाने फुंकू नका. प्रिंट बोर्डासकट पालथा घालून खाचेत सोडा. आता थांबा. काहीही न ठोकता सगळं दोन्ही हातांनी धरून उचला, सुलटं करा आणि बाजूने तिरपा टॉर्च मारून बघा. एखादा केस, धाग्याचा तुकडा हमखास सापडतो. पुन्हा उघडा, काढा, पुन्हा बघा. मला तीन-चार फेऱ्या तरी लागतात, आणि त्या लागल्या तरी चालतील.

पाठ बसवून चुका मारताना दाब बेताचा असू द्या. स्पेसर प्रिंटच्या कडेवर नुसता टेकलेला हवा, रुतलेला नको. चुका हातोडीने मारण्यापेक्षा पक्कडीने दाबून घातल्या तर धक्क्याने आत धूळ सुटत नाही. मग मागे पाठ आणि फ्रेम जिथे मिळतात त्या फटीवरून कागदी टेप फिरवा.

फ्लोट करायचा असेल तर

काम तेच, दोन फरक. प्रिंटपेक्षा चारही बाजूंनी १५-२० मिमी लहान फोम बोर्ड कापून तो मागच्या मुख्य बोर्डावर चिकटवा आणि प्रिंट त्यावर कोझोच्या सांध्यांनी बसवा. त्या उठावामुळे कडेखाली सावली पडते आणि प्रिंट तरंगल्यासारखा दिसतो. कागदाच्या कडा हाताने फाडल्यासारख्या तंतुमय असतील तर हे फार शोभतं. कटरने सरळ कापलेली कड असेल तर कापणं अगदी बिनचूक हवं. प्रिंट आणि फ्रेम यांच्यात १ ते २ सेंमी मोकळा बोर्ड दिसू द्या. स्पेसर आता प्रिंटला शिवत नाही, तो बोर्डावर टेकतो, म्हणून त्याची उंची फोम बोर्डाच्या जाडीपेक्षा चांगली जास्त पाहिजे. ५ मिमी उठावावर ६ मिमी स्पेसर ठेवलात तर प्रिंट काचेपासून जेमतेम एक मिलिमीटरवर येईल. इथे १२ घ्या.

कायमचं चिकटवण्याबद्दल

मोठा कागद नुसत्या सांध्यांवर कधीच आरशासारखा सपाट राहणार नाही. मला ती हलकी लाट चालते, तो कागद आहे हे त्यातून कळतं. ज्यांना चालत नाही ते प्रिंट ड्राय माउंट करतात, म्हणजे मध्ये चिकट थर घालून उष्णतेने बोर्डाला कायमचा चिकटवतात, किंवा ॲल्युमिनियमच्या कंपोझिट पत्र्यावर चिकटवून घेतात. यात वाईट काही नाही. अमेरिकन छायाचित्रकार अँसेल अ‍ॅडम्ससुद्धा आपले प्रिंट ड्राय माउंट करत. प्रिंटचा पुढचा भाग ॲक्रिलिकला सिलिकोनने जोडण्याचीही पद्धत आहे, तिच्यात हवेचा प्रश्नच उरत नाही आणि रंग विलक्षण खोल दिसतात. मात्र हे परत फिरवता येत नाही. ॲक्रिलिकवर ओरखडा पडला की तो प्रिंटवरच पडला. तुमच्याच फाइलमधून दुसरा प्रिंट काढता येत असेल तर खुशाल करा. दुसऱ्या कुणाची सही असलेला, क्रमांक घातलेला किंवा निगेटिव्ह हरवलेला प्रिंट चिकटवू नका.

भिंतीवर

वायर किंवा दोरीसाठी डी-रिंग (डी आकाराच्या कड्या) वरून साधारण एक तृतीयांश अंतरावर, दोन्ही बाजूंना. जड फ्रेमला वायर न लावता दोन रिंग थेट दोन स्क्रूंवर अडकवा. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे किंवा नमद्याचे तुकडे लावा; भिंत आणि फ्रेम यांच्यामधूनही हवा खेळली पाहिजे. न्हाणीघराची सामाईक भिंत, पावसाचा मारा बसणारी भिंत आणि चुलीसमोरची भिंत टाळा. प्रतिमेचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर ठेवा.

पहिला दमट ऋतू सरला की एकदा फ्रेम उतरवून खिडकीपाशी न्या आणि काचेच्या कडेकडेने तिरपं बघा. प्रिंट आणि काच यांच्यातली फट चारही बाजूंनी सारखी दिसली तर परत टांगा. मध्यभागी प्रिंट काचेकडे आलेला दिसला तर त्याच आठवड्यात उघडा, ढील वाढवा आणि एक माप जाड स्पेसर घाला.